जुन्या लॅपटॉपवर हाताने उभारलेलं आर्च लिनक्स

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही हार्डवेअरमधली सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो. माझा लॅपटॉप पाचव्या पिढीचा, रॅम ४ जीबी. भाचीने एका वाक्यात निकाल लावला, "मामा, विकून टाक ना आता हा." पण त्याचा कीबोर्ड उत्तम आहे, स्क्रीन स्वच्छ आहे आणि मूळची हार्ड डिस्क काढून मी त्यात २४० जीबीची एसएसडी बसवून घेतली होती. माझं काम मराठी मुद्रितशोधनाचं. मला लागतं काय, तर एक एडिटर, लिबरऑफिस, ब्राउझर आणि नीट उमटणारी देवनागरी. एवढ्या कामाला पुरून उरेल असं चालतं मशिन भंगारात जावं, हे मला पटेना.

लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी खुली सिस्टिम. तिचं लिनक्स मिंट किंवा उबुंटू हे तयार रूप त्यावर अर्ध्या तासात बसलं असतं. दुसऱ्या कुणाच्या मशिनवर मी आजही तेच बसवीन. स्वतःच्या मशिनवर मात्र आत काय आहे आणि का आहे, हे मला माहीत असायला हवं होतं. म्हणून आर्च. कॅनडातल्या जड विने या प्रोग्रामरने 'क्रक्स' नावाच्या आटोपशीर लिनक्सपासून प्रेरणा घेऊन २००२ मध्ये आर्च सुरू केलं. तुम्ही मागाल तेवढंच मिळेल, हा त्याचा बाणा तेव्हापासून टिकून आहे. पूर्वी त्यात मेन्यूवाला इन्स्टॉलर होता. २०१२ मध्ये तो काढून त्याजागी छोट्या छोट्या स्क्रिप्ट दिल्या. २०२१ पासून 'आर्चइन्स्टॉल' नावाचा मार्गदर्शक इन्स्टॉलरही सोबत येतो. तो वाईट नाही, पण पहिल्या खेपेला वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं समजून द्यायची, तर आधी एकदा सगळं हाताने केलेलं असावं लागतं.

आधी लॅपटॉपमधल्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढल्या आणि त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळायचं नाही. मग आर्चची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनची अख्खी डिस्क एका फाइलमध्ये, उतरवली, ती अस्सल असल्याची सही तपासली, 'डीडी' या आज्ञेने पेनड्राइव्हवर लिहिली. सिक्युअर बूट म्हणजे मान्य सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय. ते चालू असताना आर्चची आयएसओ सुरू होत नाही, त्यामुळे फर्मवेअरच्या, म्हणजे मशिन चालू होताच आधी धावणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं.

पेनड्राइव्हवरून मशिन सुरू झालं की काळ्या पडद्यावर एक ओळ येते, 'रूट ॲट आर्चआयएसओ', आणि पुढे कर्सर लुकलुकत राहतो. चित्र नाही, 'पुढे जा'चं बटण नाही. नवखा माणूस इथेच बिचकतो. पण त्या पेनड्राइव्हवर मदतीची चांगली सोय आहे. 'इन्स्टॉलेशन गाइड' हे शब्द अंडरस्कोअरने जोडून टाइप केले की अधिकृत मार्गदर्शिका लिंक्स या अक्षरी ब्राउझरमध्ये उघडते. आल्ट आणि बाणाची कळ दाबून एका कन्सोलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या एका पडद्यावरून, दुसऱ्यावर जाता येतं. मी दुसऱ्या कन्सोलवर मार्गदर्शिका उघडी ठेवली आणि पहिल्यावर काम केलं. मार्गदर्शिकेसाठी इंटरनेट मात्र लागतं, आणि ते जोडणं हेच पहिलं काम होतं.

वायफाय दिसत होतं पण चालू होईना. 'आरएफकिल' ही आज्ञा चालवल्यावर कळलं की कार्ड सॉफ्टवेअरकडून अडवलेलं आहे. ते मोकळं केलं, मग 'आयडब्ल्यूसीटीएल'मध्ये जाऊन नेटवर्क शोधलं, पासवर्ड दिला, जोडलं गेलं. तरी पुढची अडचण होतीच. लॅपटॉप बरेच दिवस पडून होता आणि आतला घड्याळाचा सेल संपला होता. मशिनच्या मते आपण काही वर्षं मागे होतो. वरवर क्षुल्लक दिसणारी ही गोष्ट सगळं अडवून धरते. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांवर वैधतेच्या तारखा असतात. मशिनचं घड्याळ मागे असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला 'अजून सुरू न झालेलं' वाटतं आणि ते जोडणीच नाकारतं. पॅकेजवरच्या, म्हणजे उतरवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांवरच्या, सह्या तपासतानाही हाच घोळ होतो. नशिबाने वेळ जुळवणारा एनटीपी प्रोटोकॉल अशा प्रमाणपत्रांवर अवलंबून नसतो. 'टाइमडेटसीटीएल' चालवून पाहिलं तेव्हा नेट जोडल्यावर थोड्याच वेळात घड्याळ आपोआप आजच्या तारखेवर आलेलं होतं. सेल नंतर बदलून घेतला.

आता डिस्क. 'एलएसबीएलके' ही आज्ञा जोडलेल्या सगळ्या डिस्क दाखवते. इथे घाई करायची नाही. माझ्यासमोर दोन नावं होती, 'एसडीए' आणि 'एसडीबी'. एसडीएपुढे २२३.६जी, एसडीबीपुढे १४ च्या आसपास. एसएसडी २४० ची आणि आकडा २२३ चा, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खटकतं. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि ही आज्ञा १०२४ च्या पटीत. २४० अब्ज बाइटना १०२४ ने तीनदा भागलं की २२३ आणि वर थोडं उरतं. म्हणजे एसडीए माझी एसएसडी आणि एसडीबी पेनड्राइव्ह. 'एफ' हा पर्याय जोडून तीच आज्ञा पुन्हा दिली तर एसडीएवर जुने विंडोजचे एनटीएफएस भाग दिसले. खात्री पटली. पुढच्या टप्प्यात चुकीचं नाव दिलं तर चुकीची डिस्क पुसली जाते आणि कुणी विचारायला येत नाही. म्हणून ही तपासणी दोन वेगळ्या खुणांनी करावी असं मी आग्रहाने सांगेन.

'सीएफडिस्क'मध्ये जुने भाग काढले आणि तीन नवे केले. पहिला १ जीबीचा, ज्यातून मशिन सुरू होतं. दुसरा ४ जीबीचा स्वॅप, म्हणजे रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा, कारण रॅम तोकडी. उरलेली सगळी जागा तिसऱ्याला. 'राइट' निवडलं की सीएफडिस्क 'येस' हा अख्खा शब्द टाइप करून मागतो, नुसता 'वाय' चालत नाही. तोपर्यंत डिस्कवर काहीच बदललेलं नसतं. मग पहिल्या भागावर फॅट-३२, कारण लॅपटॉपच्या यूईएफआय फर्मवेअरला तीच फाइल व्यवस्था खात्रीने वाचता येते, तिसऱ्यावर लिनक्सची नेहमीची ईएक्सटी-४. यानंतर भाग जोडण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी मुख्य भाग 'एमएनटी' या फोल्डरवर, मग त्याच्या आत 'बूट' नावाचं फोल्डर करून त्यावर पहिला भाग. उलट केलं तर मुख्य भाग वरून येऊन बूटला झाकून टाकतो.

खरं इन्स्टॉलेशन म्हणजे 'पॅकस्ट्रॅप' ही एक आज्ञा. तिला कुठे बसवायचं ते सांगायचं आणि पॅकेजची नावं द्यायची. 'बेस' नावाच्या पॅकेजमध्ये सिस्टिमचा सांगाडा येतो, पण त्यात कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा, नाही. २०१९ च्या ऑक्टोबरपासून कर्नल वेगळा मागावा लागतो, कारण कंटेनरसारख्या, बाहेरच्या मशिनचाच कर्नल वापरणाऱ्या ठिकाणी तो नकोच असतो. बेसमध्ये एडिटर नाही, मॅन पानं, म्हणजे आज्ञांची माहितीपानं, नाहीत, वायफाय जोडायला काही नाही. पेनड्राइव्हवर या सगळ्या गोष्टी असतात म्हणून त्या नव्या सिस्टिममध्येही येतील असं वाटतं, तसं होत नाही. मी मागितलं ते असं: बेस, लिनक्स, लिनक्स-फर्मवेअर, प्रोसेसरच्या दुरुस्त्यांसाठी इंटेल-युकोड, वायफायसाठी नेटवर्कमॅनेजर, नॅनो हा एडिटर, प्रशासकाचे अधिकार वापरू देणारं सुडो, मॅन पानांसाठी मॅन-डीबी. एंटर दाबलं आणि पॅकेजं उतरू लागली. एकेका नावापुढे रेषा भरत जाते. या वेळी उठून चहा करायला हरकत नाही, पण मी ती नावं वाचत बसलो. जीलिबसी, बॅश, कोरयुटिल्स, ओपनएसएसएल. इतकी वर्षं ज्यांच्यावर काम चाललंय ती मंडळी पहिल्यांदा नावानिशी समोरून जात होती.

त्यानंतर 'जेनएफएसटॅब'. सुरू होताना कोणता भाग कुठे जोडायचा याची यादी ही आज्ञा तयार करते. मी ती उघडून ओळ न् ओळ वाचली. एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात. दुसरी डिस्क लावली तर अदलाबदल होऊ शकते. म्हणून यादीत यूयूआयडी, म्हणजे त्या भागाची स्वतःची ओळख असते. ईएक्सटी-४ ची ओळख लांबलचक, डॅश धरून ३६ अक्षरांची. फॅटची फक्त आठ अक्षरं, मधे एक डॅश. ओळीच्या शेवटचा आकडा सुरू होताना तपासणीचा क्रम सांगतो: मुख्य भागाला १, बूटला २, स्वॅपला ०. फार कुणी ही फाइल उघडून पाहत नाही. पुढे कधी मशिन सुरू होता होता अडलं तर पहिल्यांदा इथेच यावं लागतं, म्हणून ती चांगली चालत असतानाच ओळखीची करून ठेवावी.

सगळ्यात आवडलेला टप्पा 'आर्च-क्रूट'. ही आज्ञा दिली की प्रॉम्प्टचं रूप बदलतं आणि तुम्ही नव्या सिस्टिमच्या आत असता. कर्नल अजून पेनड्राइव्हचाच चालू असतो, पण फाइली, प्रोग्राम, सेटिंग सगळं एसएसडीवरचं. अजून एकदाही सुरू न झालेल्या सिस्टिममध्ये बसून तिला सुरू होण्यालायक करायचं. आणि हीच वाट दुरुस्तीचीही आहे. उद्या काही बिघडलं आणि मशिन सुरूच झालं नाही, तर पेनड्राइव्ह लावायचा, भाग जोडायचे, क्रूट करायचं आणि आत जाऊन नीट करायचं. हे कळल्यावर आर्चची भीती उरली नाही.

आत गेल्यावर वेळेचा विभाग एशिया-कोलकाता लावला आणि 'एचडब्ल्यूक्लॉक'ने मशिनचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, ठेवलं. एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना वेळ साडेपाच तासांनी मागेपुढे दिसते, तिचं मूळ इथे आहे. विंडोज त्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तीच वेळ यूटीसी समजतं.

मग भाषेची फाइल, 'लोकेल-जेन'. तिच्यात जगभरच्या भाषांच्या ओळी आहेत, सगळ्या हॅश (#) लावून बंद केलेल्या. हव्या त्या ओळीचा हॅश काढायचा. मी अमेरिकी इंग्रजीची आणि मराठीची, 'एमआर-आयएन', अशा दोन उघडल्या. यूटीएफ-८ हे युनिकोडचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत. इंग्रजीच्या ओळीत ते दोनदा येतं, मराठीच्या ओळीत एकदाच. इंग्रजीला जुनी एन्कोडिंगही आहेत म्हणून नावातच फरक सांगावा लागतो. मराठीला तिथे यूटीएफ-८ शिवाय दुसरं नाहीच. सिस्टिमची मुख्य भाषा मी इंग्रजीच ठेवली. एरर मेसेज इंग्रजीत असला की त्याचा शोध घेता येतो. शिवाय दुसरं कारण जास्त ठोस आहे. लिनक्सच्या काळ्या कन्सोलवर देवनागरी उमटतच नाही. त्या कन्सोलच्या फॉन्टात जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात, आणि मावल्या असत्या तरी वेलांटी अक्षराच्या आधी सरकवणं, जोडाक्षर बांधणं, रफार पुढच्या अक्षरावर नेणं हे काम करणारं तिथे कुणी नाही. मराठी नावाची फाइल तिथे ओळखू न येणारे ठोकळे होऊन दिसते. म्हणून मराठीचं सगळं काम डेस्कटॉप येईपर्यंत बाजूला ठेवलं.

मशिनचं नाव, रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी यूजरचा, पासवर्ड, ही कामं मिनिटाभराची. इनिटरॅमएफएस कर्नलबरोबर तयार झालेलंच होतं, पण ते काय आहे हे समजून घेतलं. कर्नलला डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतात आणि ते ड्रायव्हर डिस्कवरच असतात; कपाटाची किल्ली कपाटातच. म्हणून लागतील तेवढे ड्रायव्हर घातलेली एक छोटी तात्पुरती सिस्टिम आधी रॅममध्ये चढवतात, ती मुख्य भाग शोधून जोडते आणि बाजूला होते.

बूटलोडर म्हणजे कर्नलला सुरू करून देणारा प्रोग्राम. त्यासाठी ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट घेतला. एकच सिस्टिम, एकच कर्नल. ग्रबचा पसारा मला नको होता. 'बूटसीटीएल इन्स्टॉल' झाल्यावर एक छोटी फाइल हाताने लिहायची. तिच्यात चार ओळी: शीर्षक, कर्नल कुठे आहे, इनिटरॅमएफएस कुठे आहे, आणि मुख्य भागाची ओळख. ती ३६ अक्षरं डोळ्यांनी पाहून टाइप करण्यात अर्थ नाही. भागांच्या ओळखी दाखवणाऱ्या 'बीएलकेआयडी'चं उत्तर थेट त्या फाइलच्या शेवटी वळवलं आणि मग नॅनोमध्ये ओळ पुरी केली. नेटवर्कमॅनेजर सुरुवातीलाच चालू होईल असं सांगितलं, क्रूटमधून बाहेर आलो, सगळे भाग सोडवले, रीबूट केलं.

फर्मवेअरच्या यादीत नव्या बूटलोडरचं नाव दिसलं नाही. तरीही मशिन सुरू झालं. बूटसीटीएल आपली एक प्रत अशा ठरावीक जागी ठेवतं, जिथे यूईएफआय फर्मवेअर दुसरं काही सापडलं नाही की पाहतंच. काही सेकंदांत 'लॉगिन' असा शब्द आला. वायफाय 'एनएमटीयूआय'ने जोडलं, स्वतःसाठी साधा यूजर केला, त्याला सुडोचा अधिकार दिला. मग पॅकमॅनला, म्हणजे आर्चच्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामला, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मागितलं. फायरफॉक्सला एखादा फॉन्ट लागतो, तिथे पॅकमॅनने पर्याय विचारले आणि मी डेजाव्हू निवडला.

डेजाव्हूमध्ये देवनागरी नाही. एक मराठी पान उघडलं तर सगळीकडे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात चार बारीक चिन्हं. 'मराठी' या शब्दाचा पहिला चौकोन ०, ९, २, ई. दुसरा ०, ९, ३, ०. हे युनिकोडचे क्रमांक. मजकूर पूर्ण शाबूत होता, फक्त त्याला रूप द्यायला फॉन्ट नव्हता. इतकी वर्षं मी देवनागरी वाचत आणि सुधारत आलो, पण तिची ही उघडी बांधणी अशी कधी पाहिली नव्हती. 'नोटो-फॉन्ट्स' बसवून फायरफॉक्स पुन्हा उघडला आणि तेच पान मराठीत समोर आलं.

इथून पुढे मी सावकाश गेलो, कारण माझ्या पोटापाण्याचा प्रश्न इथे होता. कीबोर्ड इनस्क्रिप्ट. ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात, आयएस १३१९४ मध्ये आहे आणि लिनक्सच्या ग्राफिक व्यवस्थेत ती आधीपासूनच असते. एक कळ म्हणजे एक चिन्ह, त्यामुळे मधे दुसरं कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांना मात्र आयबस किंवा एफसीआयटीएक्स हे टायपिंगचं साधन बसवून त्यात एम१७एन हा भाषांच्या मांडण्यांचा संच जोडावा लागेल. मी आल्ट-शिफ्टने इंग्रजी आणि देवनागरी बदलेल असं लावलं आणि तपासायला नेहमीचे शब्द घेतले. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा ऱ. दुसऱ्यासाठी 'जे'ची कळ शिफ्ट धरून दाबायची, मग हलन्त, मग य. एका ठिकाणी पंडित, दुसऱ्या ठिकाणी स्वयंपाकी. फॉन्टाने किंवा कीबोर्डने यात गल्लत केली तर ते मशिन माझ्या उपयोगाचं नाही. दोन्ही शब्द जसेच्या तसे उमटले. 'तऱ्हा', 'दऱ्या', 'वाऱ्यावर' हेही. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी लावायला विसरू नये. फॉन्टात मराठीची वेगळी रूपं दिलेली असतील, तर ल आणि श आपल्या वळणाचे त्याच्यामुळेच येतात.

डेस्कटॉप आल्यावर तारखेपुरती मराठी चालू केली. टर्मिनलमध्ये 'डेट' दिलं की वार आणि महिना मराठीत येतो. एक पुस्तिका तपासून पीडीएफ केली, 'पीडीएफफॉन्ट्स'ने पाहिलं, सगळे फॉन्ट फाइलच्या आत बसलेले होते. छापखान्यात पाठवायला एवढं पुरतं.

आर्चमध्ये आवृत्त्या नसतात, अपडेट सतत येत राहतात. अपडेट करायचं तर पूर्ण सिस्टिमचं करायचं. एखादंच पॅकेज पुढे नेऊन बाकी मागे ठेवणं आर्चला चालत नाही. अपडेटआधी आर्चची सूचना वाचतो, आणि छापखान्याची तारीख तोंडावर असेल तेव्हा अपडेटला हात लावत नाही.

सध्या एक काम चालू आहे. 'पॅकमॅन'ला 'क्यूक्यूई' हा पर्याय दिला की मी स्वतः मागवलेल्या पॅकेजची यादी मिळते. ती एका फाइलमध्ये काढून प्रत्येक नावापुढे ते कशासाठी घेतलं हे मराठीत लिहितोय. पॅकस्ट्रॅपच्या वेळची नावं पटापट झाली. एक्सएफसीईच्या जोड साधनांचा जो गट एकदम बसवला, त्याच्यातली बरीच नावं अजून कोरी आहेत. एकेक 'क्यूआय' लावून वाचतो, काम नसलेलं काढून टाकतो. सीडी लिहिणारं एक सापडलं. या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, ते आजच काढलं.